मला एक डाउट आहे

७ सप्टेंबर २०२५
अर्विंग

आन्या,

वर 'प्रिय' लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय बे, लग्नाची पत्रिका आहे का. म्हणून नुसतं आन्या.

काल मंडळाच्या विसर्जनाला तुझी आई भेटली. काकू एकट्याच शुगर लँडहून ड्राइव्ह करून आल्या होत्या. मी आधी पार्किंगमध्ये जाऊन तुमची गाडी बघून आले, मग आत येऊन चपलांच्या ढिगात तुझे ते जांभळे स्नीकर्स शोधले. कोणाला विचारलं मात्र नाही. मी कशी आहे तुला माहितीये. शेवटी मोदकांच्या लाइनमध्ये काकूंनीच मला धरलं. म्हणाल्या, "उर्वी, किती बारीक झालीस गं. आन्याला क्लबचं काहीतरी होतं, नाही आली. सीनिअर इयर ना."

मग मी बाजूलाच उभी आहे हे विसरून आईला म्हणाल्या, "आमच्या बाईसाहेबांनी कॅल्क्युलस सोडलं हो यंदा. स्टॅट घेतलंय. सातवीपासून ॲडव्हान्सला असलेली पोरगी, आणि शेवटच्या वर्षी हे."

आई म्हणाली, "असू दे हो. त्यांचं त्यांना कळतं." आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.

खरं सांगू? मला आधी दोन मिनिटं बरं वाटलं. मोदक हातात होता आणि मला बरं वाटत होतं. मग एकदम तुझी इतकी आठवण आली की मी तो मोदक तसाच नॅपकिनमध्ये गुंडाळून घरी आणला. अजून फ्रिजमध्ये आहे. आई दोनदा विचारून गेली, हा कोणाचा.

तुझा पत्ता काकूंकडून घेतला. दिवाळीला चिवडा पाठवायचाय असं सांगितलं. टेक्स्ट करणार होते, पण मागच्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला केला होता तेव्हा ती तीन टिंबं हलली, थांबली, परत हलली, आणि मग काहीच आलं नाही. ते बघत बसणं परत नको. कागदावर टिंबं दिसत नाहीत.

आणि आपलं सगळं कागदावरच तर सुरू झालं होतं. सहावी, मिस डॉसनचा मॅथचा क्लास, शेवटची रांग. तू नागपूरहून आलेली, मी नाशिकहून, दोघींनाही लॉकर उघडता यायचं नाही. आपण मराठीत चिठ्ठ्या लिहायचो, म्हणजे सापडल्या तरी कोणाला कळायला नको. एकदा सापडली. मिस डॉसननं ती उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "गर्ल्स, धिस इज ब्यूटिफुल." आणि मल्टिकल्चरल बोर्डवर लावून टाकली. वर्षभर शाळेच्या भिंतीवर लटकत होतं, 'डब्यात परत उपमा, वाचव.'

आठवलं की अजून हसू येतं. एकटीलाच हसावं लागतं, इथं कोणाला सांगणार.

माझं ठीक चाललंय. शाळा वगैरे सगळं नेहमीसारखं.

उर्वी
(म्हणजे शंकासुर. विसरली असशील तर.)


२८ सप्टेंबर

आन्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज मेलबॉक्सची किल्ली मीच घेऊन जाते. बाबा म्हणतात, हिला कुठल्या कोर्टाची नोटीस येणार आहे.

मागच्या पत्रात शेवटची ओळ खोटी होती. शाळा वगैरे काही नाहीये. मी फेब्रुवारीत शाळा सोडली. अकरावी अर्धी झाली होती. काकूंना माहीत नाही, कारण आई सगळ्यांना सांगते की उर्वी होमस्कूल करतेय. कागदावर तेच आहे. प्रत्यक्षात होम आहे, स्कूल नाही. मी डायनिंग टेबलवर बसते, समोर पुस्तक असतं आणि खिडकीतून स्विमिंग पूल दिसतो. आपल्या व्हिसावर मला नोकरीही करता येत नाही, नाहीतर ग्रोसरीत भाज्या लावल्या असत्या. म्हणून रविवारी रेखाकाकूंच्या मराठी शाळेत फुकट मदत करते. लायब्ररीच्या मागच्या खोलीत लहान मुलांना बाराखडी शिकवायची. त्या काकू कडक आहेत, पण मला बरं वाटतं तिथं. मुलं इंग्लिशमध्ये बोलतात, मी मराठीत बोलते, आणि कोणी कोणाला हसत नाही.

शाळा का सोडली, असं आई विचारते तेव्हा मी म्हणते पोट दुखायचं. दुखायचंच. सकाळी बस दिसली की दुखायचं. पण पोट कशानं दुखायचं हे आईला सांगता येत नाही. तुला येईल बहुतेक, कारण तू तिथं होतीस.

तुला तो पूर्णांक-अपूर्णांकांचा धडा आठवतो? भागाकार असला की दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. तू पटापट दहा गणितं करून माझ्याकडे बघत बसली होतीस. मी पहिल्यावरच अडकले होते. करता येत नव्हतं म्हणून नाही. उलटं का करायचं हे कळत नव्हतं म्हणून. मी हात वर केला आणि नाशिकच्या शाळेत म्हणायचो तसं म्हटलं, "मिस, आय हॅव अ डाउट."

ती माझ्या बाकाजवळ येऊन गुडघ्यावर बसली. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हनी, डोन्ट डाउट युअरसेल्फ. जस्ट फ्लिप इट."

मी फ्लिप केलं.

दुसऱ्या दिवशी परत म्हटलं, आय हॅव अ डाउट. परत खांद्यावर हात. मला वाटायचं किती प्रेमळ बाई आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर का देत नाही. तेव्हाच तू मला शंकासुर म्हणायला लागलीस आणि मी तुला गाइड म्हणायला लागले, कारण तुझ्याकडे सगळी उत्तरं असायची, फक्त कारणं नसायची. हे तेव्हा गमतीत म्हणायचे.

मग मार्चमध्ये कोविडनं शाळाच बंद झाल्या. सातवीला कोणाला ॲडव्हान्स द्यायचं आणि कोणाला ऑन-लेव्हल, म्हणजे साधं मॅथ, हे तेव्हा फोनवर ठरलं. काउन्सेलरचा बाबांना फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी मटार सोलत होते. ती म्हणाली, उर्वी खूप गोड मुलगी आहे, टेस्ट्स चांगल्या आहेत, पण तिच्या टीचरला वाटतं की ती स्वतःवर फार डाउट घेते, ऑन-लेव्हलला ती जास्त कम्फर्टेबल असेल, चालेल का. आणि बाबा खूश होऊन म्हणाले, "यस यस, ऑन-लेव्हल इज व्हेरी गुड. थँक यू मॅडम."

फोन ठेवून आईला म्हणाले, "बघ, सहा महिन्यांत पोरगी लेव्हलवर आली."

आईनं देवापुढे साखर ठेवली. मी ती खाल्ली पण.

मग तुझा फोन आला, की तुला ॲडव्हान्स मिळालं. मला वाटलं तुझ्यात काहीतरी कमी पडलंय म्हणून तुला ॲडव्हान्समध्ये, म्हणजे आधीपासून, सुरुवात करायला लावतायत. ॲडव्हान्स म्हणजे आपल्याकडे घरमालकाला देतात तो एवढंच माहीत होतं. मी तुला म्हटलं, टेन्शन घेऊ नको, मी आहे ना. तू काहीच बोलली नाहीस.

तुला तेव्हा कळलं होतं ना?

जानेवारीपासून मी परत वर्गात बसायचं म्हणतेय. होमस्कूलवाल्यांना इथल्या कम्युनिटी कॉलेजात मॅथ घेता येतं, आधी एक प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागते. आईला वाटतं मी घाबरते ती टेस्टला. टेस्टची मला भीती नाही. टेस्टमध्ये बोलावं लागत नाही. मला वर्गाची भीती आहे. हात वर करता येईल का याची. नाही आला तर मी त्या डायनिंग टेबलवरच राहीन, हे मला दिसतंय.

उर्वी


२२ ऑक्टोबर, पाडवा

आन्या,

चिवडा पाठवला आहे, खोटं बोलले होते ते खरं केलं. दाणे जास्त घातलेत, तू वेचून खातेस म्हणून. पार्सल काकूंनीच उघडलं असेल तर हे पत्र तरी तुझ्यापर्यंत येऊ दे.

आज मला ते लिहायचंय जे आपण कधीच बोललो नाही.

सातवी, आठवी आपण एकाच शाळेत होतो, पण तू वेगळ्या इमारतीत असल्यासारखी होतीस. तुमचा वेगळा क्लास, मग त्याच मुलांची वेगळी बस, वेगळी रोबॉटिक्स टीम, वेगळे वाढदिवस. मला कोणी काढलं नव्हतं. मी फक्त तिथं नव्हते. हायस्कूलमध्ये गेलो तेव्हा काउन्सेलर म्हणाली, इथं ऑनर्स, म्हणजे वरचा वर्ग, सगळ्यांना ओपन आहे, नुसती सही करा. पण तुम्ही आठवीतच अल्जेब्रा करून आलेले. मी नुसती सही केली तरी तुमच्या एक वर्ष मागेच राहणार होते. म्हणून नववीत ऑनर्स घेतलं, बी मिळवला, आणि दहावीत दोन मॅथ एकदम घेतले, जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू ऑनर्स. आईबाबांना वाटलं पोरगी किती सिन्सिअर आहे. मला तुझ्या वर्गात बसायचं होतं, बस. तेवढ्यासाठी.

माझ्याबरोबर अजून एकीनं तसंच केलं होतं. मारिसोल. तीही सहावीपासून ऑन-लेव्हलला. तिला काही कळलं नाही की ती बसल्या जागेवरून ओरडायची, "वेट, व्हॉट?" आणि सर परत सांगायचे. दिवसातून चार वेळा. लोक डोळे फिरवायचे, तिला काही फरक पडायचा नाही. ती आत्ता कॅल्क्युलसला आहे. म्हणून बाबा जेव्हा म्हणतात की त्या फोनवर मी चुकलो, तिथंच पोरीचं सगळं ठरलं, तेव्हा मी गप्प बसते. तिथं खूप ठरलं, पण सगळं नाही. मारिसोलचं नाही ठरलं. आणि काकू म्हणतात ते खरं असेल तर तुझंही नाही.

कॅल्क्युलस का सोडलंस हे मी विचारत नाहीये. सांगावंसं वाटलं तर सांग.

आता तो दिवस. तू माझ्या पुढच्या बाकावर होतीस, तुझी वेणी माझ्या वहीवर येत होती. सर घातांक शिकवत होते. मला एक गोष्ट कळेना. दोन आठवडे मी एक शब्द बोलले नव्हते, पण तू समोर होतीस म्हणून असेल, मला सहावीत असल्यासारखं वाटलं. मी हात वर केला आणि तोंडातून तेच गेलं. "सर, आय हॅव अ डाउट."

सर म्हणाले, "यू डाउट मी? जॉइन द क्लब." सगळे हसले. वाईट नव्हते हसत, मला माहितीये.

आणि तू मागे वळून न बघता म्हणालीस, "शी मीन्स अ क्वेश्चन."

हसणं थांबलं. सर म्हणाले, ओह, गो अहेड. आणि मला माझा प्रश्नच आठवेना.

तू हसली असतीस तर मला चाललं असतं गं. आपण दोघी नंतर हसलो असतो. पण तू ट्रान्सलेट केलंस. म्हणजे तुला माहीत होतं, इथं डाउट म्हणजे शंका नसते, अविश्वास असतो. मी तो तासभर तुझ्या वेणीकडे बघत मागचं सगळं आठवत बसले, आणि मला लख्ख आठवलं की सहावीच्या दिवाळीनंतर तू कधीच डाउट म्हणाली नव्हतीस. तू क्वेश्चन म्हणायला लागली होतीस. तुला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तू मला सांगितलं नव्हतंस.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस तेव्हा आईनं सांगितलं की मी झोपलेय. नव्हते झोपले. दाराच्या मागे होते. तू चपला काढल्यास, मग परत घातल्यास, ते ऐकत होते. महिन्याभरात मी तो क्लास सोडला. मग लंचला लायब्ररीत जायला लागले. मग उन्हाळ्यात तुम्ही शुगर लँडला घर घेतलंत, आपल्याच कॉम्प्लेक्समधून तुमचं सामान ट्रकमध्ये चढताना मी वरच्या खिडकीतून बघत होते, आणि तरी खाली आले नाही.

एक चांगली गोष्ट सांगते. मागच्या रविवारी रेखाकाकूंनी मुलांना पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड शिकवायला घरून पोळ्या आणल्या होत्या. नीला नावाची आठ वर्षांची मुलगी आहे, फार बडबडी. काकूंनी तिला पाऊण पोळी दिली आणि म्हणाल्या, "हिच्या अर्ध्या-अर्ध्या पोळ्या कर आणि वाट." नीलानं अर्धी एका ताटलीत ठेवली. उरलेल्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "धिस इज ओन्ली हाफ ऑफ द हाफ."

"मग किती अर्ध्या झाल्या?"

"वन... अँड अ हाफ."

"मराठीत."

"दीड."

आन्या, मी हातातली पोळी तशीच धरून उभी राहिले. पाऊण भागिले अर्धा, दीड. तेच गणित. मिस डॉसनच्या फळ्यावरचं, अगदी तेच. अर्ध्यानं भागायचं म्हणजे अर्ध्या किती होतात ते मोजायचं. एका पोळीच्या अर्ध्या दोन होतात, म्हणून दोननं गुणायचं. उलटं वगैरे काही नसतंच. माप निम्मं झालं की आकडा दुप्पट होतो, इतकंच. आणि आपल्याला ते शब्द आधीपासून येत होते. पाऊण, अर्धा, दीड. मी प्रश्न मराठीत स्वतःला विचारला असता तरी चाललं असतं.

मग नीलानं हात वर केला, "आय हॅव अ क्वेश्चन." रेखाकाकू म्हणाल्या, "इथं क्वेश्चन नसतो. मला एक शंका आहे, म्हण." ती छाती काढून म्हणाली, "मला एक शंका आहे." सगळ्या खोलीनं तिच्यामागून म्हटलं. मी पण म्हटलं. रेखाकाकूंनी माझ्याकडे बघितलं.

हे मला फक्त तुलाच सांगायचं होतं. पोळी खाली ठेवायच्या आधीच तुला सांगायचं होतं.

आणि त्या दिवशीचा माझा डाउट मला नंतर आठवला. तो असा. कुठल्याही आकड्याचा शून्यावा घात एक का असतो? दोन शून्य वेळा गुणला तर शून्य उरायला पाहिजे ना? पुस्तकात लिहिलंय 'बाय डेफिनिशन'. म्हणजे जस्ट फ्लिप इट.

तुला माहीत असेल तर सांग. नसेल तरी सांग.

शुभ दीपावली.
उर्वी


१६ नोव्हेंबर

आन्या,

टेस्ट झाली. बरी झाली, पण मधल्या मध्ये. तिथला ॲडव्हायजर म्हणाला दोन रस्ते आहेत. एक, आधी सेमिस्टरभर बेसिक्सचा क्लास, तो ऑनलाइन, घरूनच, आपल्या स्पीडनं. दोन, डायरेक्ट कॉलेज अल्जेब्रा, वर्गात बसून, सोबत रोज एक सपोर्टचा तास. त्याला वाटतं मी पहिल्यात जास्त कम्फर्टेबल असेन.

आई बाहेर आल्यावर म्हणाली, "या लोकांचं कम्फर्टेबल म्हणजे काय असतं गं, वर्गात सोफा असतो का?" बाबांनी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. मग म्हणाले, "या वेळी तू ठरव. मी हो म्हणायला गेलो की काहीतरी होतं."

मी त्यांना सांगितलं, बाबा, ऑन-लेव्हल ऐकून मी पण साखर खाल्ली होती. ते हसले. पाच वर्षांनी पहिल्यांदा त्यावर हसले.

बुधवारच्या आत सांगायचंय. मी स्वतःला ओळखते. काही झालं नाही तर मी घरूनचा घेईन. त्याच टेबलवर, त्याच खिडकीत, आणि मला कोणालाही काही विचारावं लागणार नाही. ते इतकं सोपं आहे की मला त्याचीच भीती वाटते.

तुझं पत्र आलं नाही. मेलबॉक्समध्ये पिझ्झाची कूपन्स येतात. मेलवाल्या काकांना आता मी ओळखीची झालेय, लांबूनच मान हलवतात. नाही म्हणून.

तू पुढच्या बाकावर असतीस तर मी दुसरा रस्ता घेतला असता. तुला वळून बघावंही लागलं नसतं.

उर्वी


२० नोव्हेंबर

आन्या,

मंगळवारी आलं.

मेलवाल्या काकांनी मान हलवली नाही, हातच वर केला, पाकीट धरून. मी जिन्यातच बसून उघडलं.

मला वाटलं होतं पत्र असेल. मी आत शोधलं, पाकीट उलटं करून झटकलं. नुसता एक कागद. वर ना माझं नाव, ना तारीख. तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर, आणि मराठी आकडे.

८, ४, २.

प्रत्येकाच्या मधे बाण, आणि बाणावर 'निम्मे'. त्याखाली, 'घात एकानं उतरला की निम्मे होतात. दोनच्या खाली उतर. निम्मे कर.' आणि मोठ्ठा गोल करून १.

मग तू थांबली नाहीस. त्याच्या पुढे बाण, अर्धा. अजून एक बाण, पाव. आणि मग, 'याच्या पुढचं नाव मला येत नाही, तुझ्या रेखाकाकूंना विचार बे.'

मी तो बाण बोटानं परत परत खाली उतरत गेले. आठ, चार, दोन, एक, अर्धा, पाव. किती साधं आहे. त्या दिवशी वर्गात तू मागे वळली असतीस तर माझ्या वहीवर हेच काढलं असतंस. दोन वर्षं उशिरा वळलीस. चालेल.

मग कागदाच्या अगदी तळाशी, पुसून परत लिहिलेलं दिसतं, दोनदा तरी पुसलंयस, कागद तिथं पातळ झालाय. खाली आपल्या देवनागरीत, सहावीतल्या चिठ्ठीसारखं:

'एनी डाउट्स?'

मी ते किती वेळ बघत होते माहीत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी कुत्रा घेऊन उतरल्या, मी सरकले, त्या फिरून परत आल्या, मी परत सरकले.

तू तो शब्द टाकून दिला होतास आन्या. मला माहितीये तुला तो परत लिहायला काय वाटलं असेल. मला सॉरी वगैरे नकोच होतं.

काल बुधवार होता. मी आईबाबांना गाडीतच बसायला सांगितलं आणि आत एकटी गेले. ॲडव्हायजर चांगला माणूस आहे, दाढीवाला, टेबलावर छोटं निवडुंग ठेवतो. म्हणाला, सो, एनी क्वेश्चन्स? मी घरून इंग्लिशमध्ये वाक्य पाठ करून गेले होते. ते गेलं. तोंडातून आलं, "यस. आय हॅव अ डाउट."

तो हसला नाही. खांद्यावर हात पण नाही ठेवला. पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसला.

मी विचारलं, तो जो सपोर्टचा तास असतो, त्यात 'असं का' हे विचारलं तर चालतं का? म्हणजे करता येत असलं तरी?

म्हणाला, तो तास त्यासाठीच असतो.

मी दुसरा रस्ता घेतला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतंय. आत्ता हे लिहितानाही पोटात दुखतंय, पण बस दिसल्यावर दुखायचं तसं नाही. जरा वेगळं.

रेखाकाकूंना फोन केला. पावाच्या निम्म्याला अदपाव म्हणतात. त्या म्हणाल्या, जुन्या काळी वाण्याकडे अदपाव चहापत्ती मागायचे. त्याच्या खालीही नावं असतील, म्हणाल्या, पण आता कोणाला येत नाहीत. म्हणजे बाण चालूच राहतो, फक्त नावं संपतात. तुझ्या कागदावर मी पेन्सिलीनं ते लिहून ठेवलंय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एनी डाउट्स? हो. आहेत. खूप आहेत.

एक आहे सहावीच्या दिवाळीबद्दल. तो आत्ता नको. एक आहे तुझ्या कॅल्क्युलसबद्दल. तोही आत्ता नको, तू शंकासुर हो आणि मी गाइड होते, असा कधीतरी दिवस ठेवू. आधी सोपा विचारते, ज्याचं उत्तर तुला नक्की येतं.

डिसेंबरच्या सुट्टीत तू इकडे येतेस, की मी तिकडे येऊ?

मोदक टाकून दिला, आईनंच टाकला. मी आत्ता डायनिंग टेबलवर बसलेय, खिडकीत पूल आहे, त्यावर पानं पडलीयेत. हे वाचशील तेव्हा बघ, शेवटच्या रांगेत.

हात वर आहे माझा.

उर्वी